कारखान्याची तळटीप आणि शेतकऱ्याची उधारी



कोरडवाहू कापूस आणि दादर पिकवणाऱ्या माणसाने कंपनीचा ताळेबंद कशाला वाचायचा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आपल्या सरकीचे तेल कारखान्यात निघते. आपला मका कारखान्यात जातो. विहिरीला पाणी असलेला शेजारी पांढरा कांदा करारावर लावतो. अन्नप्रक्रियेचा कारखाना हा आपल्या मालाचा गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाची ऐपत पाहिल्याशिवाय गावातला वाणी पावशेर साखर उधार देत नाही. आपण मात्र वर्षाचे पीक एका चिठ्ठीवर देऊन मोकळे होतो.

उदाहरण लांबचे नको. मेहरूणच्या तलावावरून शिरसोली रस्त्याने पुढे गेले की जैन उद्योगसमूहाचा पसारा दिसतो. त्याची सुरुवातच एका बुडालेल्या अन्नकारखान्यातून झाली. केळीची भुकटी करणारा एक सहकारी कारखाना बंद पडला होता. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी तो ३० लाखांना लिलावात घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे ठिबक आले, कांदा वाळवणे आले, आंबा-केळीचा गर आला. पांढऱ्या कांद्याच्या करारात किमान भावाची हमी देण्याचा प्रयोग झाला. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

पण इतका मोठा झालेला उद्योगही २०१९ मध्ये अडचणीत आला. सरकारी योजनांकडून येणे अडकले, कर्जाचा बोजा वाढला, हप्ते थकले, बाजारातली पत कोसळली. बँका एकत्र बसल्या. तीन वर्षे बोलणी चालली आणि मार्च २०२२ मध्ये कर्जाची फेररचना झाली. कर्जाचा काही भाग अगदी नाममात्र व्याजाच्या रोख्यांत बदलून दिला गेला. २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून कर्ज हलके केले गेले.

यात शिकण्यासारखे काय? ताळेबंदात दोन प्रकारची देणी असतात. एक उघड देणे : अमुक बँकेचे इतके कर्ज. दुसरे असते तळटीपेत, बारीक अक्षरात. त्याला संभाव्य देणी म्हणतात. म्हणजे आज देणे नाही, पण काही घडले तर द्यावे लागेल असे. कोर्टात चाललेला करांचा वाद, ग्राहकाने ठोकलेला दावा, निर्यात करण्याच्या अटीवर घेतलेली करसवलत, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे दुसऱ्यासाठी दिलेली हमी.

हमी म्हणजे जामीन. हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. सोसायटीच्या कर्जाला भावकीतल्या माणसाचा जामीन राहायचा आणि त्याने हप्ता चुकवला की नोटीस आपल्या दारात. कंपन्यांचेही तसेच. २०१७ मध्ये जैन समूहाच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने २० कोटी डॉलरचे रोखे विकले, त्याला जामीन जळगावची मूळ कंपनी राहिली. फळे-कांद्याचा धंदाही २०१५-१६ मध्ये जैन फार्म फ्रेश फूड्स या वेगळ्या कंपनीत गेला. हे सारे कायदेशीर आहे, मोठे उद्योग असेच चालतात. पण कांदा देणाऱ्याने ओळखले पाहिजे की आपली पावती नेमक्या कोणत्या कंपनीची आहे, आणि तिच्या डोक्यावर कोणाकोणाचे जामीन आहेत.

आता समजा एखादा कारखाना खरोखरच बुडाला. मग २०१६ चा नादारी व दिवाळखोरी कायदा लागू होतो. त्यात पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची दोन वर्षांची देणी. मग इतर नोकरांचा एक वर्षाचा पगार. मग बिनतारणी कर्ज देणारे. मग सरकार. आणि त्यानंतर बाकीची देणी. ज्याने माल उधार दिला तो शेतकरी या 'बाकीच्यां'त उभा. कारखान्याचे पुढे काय करायचे हे धनकोंची समिती ठरवते. तिथे मत असते कर्ज देणाऱ्या संस्थांना. माल देणाऱ्याला मत नाही. त्यात १ कोटीपेक्षा कमी थकबाकी असेल तर या कायद्याचे दारही वाजवता येत नाही, ही मर्यादा २०२० पासून आहे. दहा क्विंटल माल दिलेल्याने काय करावे?

रुची सोया हा तेलाचा मोठा कारखानदार २०१७ मध्ये या कायद्याखाली गेला. बँकांचे दावे ९ हजार कोटींच्या वर होते, २०१९ मध्ये पतंजलीने ती कंपनी ४,३५० कोटींना घेतली. तारण असलेल्या बँकांनाही पाणी सोडावे लागले, तर रांगेच्या शेपटाला काय उरणार?

कारखाना वाचवण्याला आमचा विरोध नाही. कारखाना जगला तर गिऱ्हाईक जगतो. हप्ते थकले म्हणजे उद्योजक चोर ठरत नाही. बाजार, सरकार, डॉलर, यांपैकी कोणीही दगा देतो. हे बँकांना समजते, ही चांगली गोष्ट आहे. आमचे म्हणणे एवढेच की हीच समज शेताच्या बांधावर आल्यावर कुठे जाते? पाऊस, बोंडअळी आणि निर्यातबंदी ही आमच्या ताळेबंदातली संभाव्य देणी आहेत. ती दर वर्षी खरी होतात. पण कंपनीसाठी २०१६ चा नवा कायदा, आणि शेतकऱ्यासाठी अजून इंग्रजांच्या काळातला १९२० चा नादारी कायदा. नव्या कायद्यातला व्यक्तींचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता.

उसाचा दाखला समोर आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, आणि थकबाकी जिल्हाधिकारी महसुलासारखी वसूल करू शकतो. अंमलबजावणीत भोके आहेत, तरी निदान दार आहे. कांदा, सरकी, मका, ज्वारी यांना तेवढेही नाही. २०२० च्या केंद्रीय कायद्यात तीन कामकाजी दिवसांत पैसे देण्याची तरतूद होती, ते कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले आणि ती तरतूदही त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, कारखान्याला थेट दिलेल्या कोणत्याही शेतमालाचे पैसे १४ दिवसांत, उशीर झाला तर व्याजासह, असा कायदा हवा.

दोन, जो कारखाना उधारीवर माल घेईल त्याने तेवढ्या रकमेची बँकहमी द्यावी. जामीन आपण पुष्कळ राहिलो, आता कोणी आपल्याला जामीन राहावा.

तीन, कारखाना बुडाला तर शेतमालाची थकबाकी कामगारांच्या देण्याबरोबर पहिल्या रांगेत यावी. कामगाराने घाम दिला, आपणही तोच दिला.

चार, नादारीतून उठून पुन्हा उभे राहण्याचा जो हक्क कंपनीला आहे, तोच शेतकऱ्याला मिळावा. ही भीक नाही. कर्जाचा हिशेब दोघांना सारखा, एवढेच.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातले काम करू. प्रत्येक तालुक्यातून दोन शिकलेली पोरे निवडा. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल कोणालाही पाहता येतो. इतर कंपन्यांची कागदपत्रे थोडे शुल्क भरून कंपनी निबंधकाकडून मिळतात. नफ्याचे पान नंतर उघडा. आधी तळटीपा वाचा आणि गावात बसून सांगा. पावतीवर कंपनीचे पूर्ण नाव, वजन, भाव आणि पैसे देण्याची तारीख असल्याशिवाय गाडी काट्यावर घालू नका.