वफा नेमकी कुणाशी?

दुखापतीने ज्याचा खेळ अर्ध्यावर तुटला, त्या खेळाडूवर चाहत्यांनी किती काळ जीव लावायचा? खेळातला हा वाद कधी मिटत नाही. मोबाईलवर अमेरिकेतले बास्केटबॉल बघणारी आमच्याकडची पोरे डेरिक रोझवरून तावातावाने भांडतात. २०११ मध्ये अवघ्या २२व्या वर्षी तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतक्या लहान वयात हा मान कुणालाच मिळाला नव्हता. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल २०१२ रोजी, त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. एक गट म्हणतो, "गुडघा टिकला असता तर तो सगळ्यांच्या पुढे गेला असता." दुसरा म्हणतो, "आत्याबाईला मिशा असत्या तर..."

माझ्या मते दुसऱ्या गटाचा हिशेब बरोबर आहे, निकाल मात्र चुकीचा.

आपण मराठीत 'वफादार' हा शब्द मालकाशी इमान राखणाऱ्यासाठी वापरतो. अरबी मुळात 'वफा' म्हणजे दिलेला शब्द पुरा करणे, देणे पूर्ण चुकते करणे. या अर्थाने पाहिले की वाद सोपा होतो. "जे झाले असते" त्याचे देणे कुणावरच नसते. खेळाडूने मैदानावर प्रत्यक्ष जे दिले, त्याचे असते. ते मात्र तो लंगडू लागला म्हणून माफ होत नाही.

नरी कॉन्ट्रॅक्टर घ्या. १९६२च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते, वय २८. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. त्यांचा जीव वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी हे सहकारी होते, तसेच प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. इथे देणे कुणाचे कुणाकडे, हे सांगायची गरज नाही. वॉरेल यांना तर ते लगेच कळले होते, तेही समोरच्या संघात असून.

सलील अंकोला यांचा दाखला अवघड आहे. सोलापुरात जन्मलेला हा वेगवान गोलंदाज १९८९ मध्ये कराचीत पहिली कसोटी खेळला. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकरनेही पदार्पण केले. सचिन २०० कसोटी खेळला, अंकोला ती एकच. २० एकदिवसीय सामने झाले, मग पायाच्या हाडातल्या गाठीने तिशी गाठण्याआधीच कारकीर्द संपवली. "सचिनसोबतचा तो दुसरा" एवढ्यापुरती त्यांची आठवण काढणे म्हणजे वफा नव्हे, ती नुसती हळहळ. खेळ सुटल्यावर ते दारूच्या आहारी गेले, हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितले. त्यातून बाहेर येऊन ते आधी मुंबईचे आणि मग भारतीय संघाचे निवडकर्ते झाले. टाळ्या थांबल्यानंतरच्या त्या वर्षांत जो विचारपूस करतो, तो खरा चाहता.

आणि मुरलीकांत पेटकर! सांगली जिल्ह्यातला हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षांनी! इथे 'जर-तर' काहीच नव्हते, लखलखीत सोने होते. तरी वफा उशिराच पोहोचली.

रोझच्या बाबतीत तर आणखी वाईट झाले. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली तरी तो मोसमभर उतरला नाही, तेव्हा त्याच्याच काही चाहत्यांनी त्याला भित्रा ठरवले. म्हणजे प्रेम खेळाडूवर नव्हते, त्याच्या गुडघ्यावर होते.

हा प्रश्न शिकागोचाच नाही, आपल्या ढाणकी-उमरखेड भागाचाही आहे. कबड्डीचे सामने भरतात, बक्षिसांच्या रकमा फ्लेक्सवर झळकतात. एखाद्या पोराचा गुडघा मैदानात निकामी होतो. दोस्त त्याला खांद्यावर उचलून नेतात, थोडी वर्गणी जमते. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा खर्च मजुरी करणाऱ्या बापाला झेपत नाही. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर दुसरे नाव असते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. सामने भरवणाऱ्यांनी पहिल्या बक्षिसातला थोडा भाग जखमी खेळाडूंसाठी बाजूला काढावा. खेळाडूंचा अपघात विमा उतरवावा. मैदानावर बर्फ, पट्ट्या आणि दवाखान्यात न्यायला एक गाडी ठेवावी. आणि ज्याचा खेळ सुटला, त्याला पंच म्हणून, नव्या पोरांचा उस्ताद म्हणून मानाने बोलवावे. कबड्डी त्याच्या डोक्यात अजून शाबूत असते.

कुणाची कारकीर्द किती थोर झाली असती, यावर खुशाल वाद घाला. पण आपल्या गावासाठी जो पडला, त्याच्या घरी आधी जाऊन या.