मोहीम ठरली, माणसांचे काय?

डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूच्या एका परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा एक निबंध मांडला गेला. संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली एकेका फोटॉनवरून पाठवायची. वाटेत कोणी ती चोरून वाचू पाहिली, तर फोटॉनची अवस्था बिघडते आणि चोरी उघडी पडते, ही त्यातली कल्पना. ‘बीबी८४’ या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. तिचे मूळ होते स्टीफन वीस्नर यांच्या टिपणात. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना १९७० च्या सुमारास त्यांनी ते लिहिले. छापून यायला १९८३ उजाडले. १९९१ मध्ये परस्परांत गुंतलेल्या फोटॉनांची वेगळी पद्धत सुचवणारे आर्टुर एकर्टही तेव्हा ऑक्सफर्डमध्ये पीएचडी करत होते. क्वांटम-सुरक्षित संदेशवहनाच्या या शास्त्राच्या पायात संशोधक विद्यार्थ्यांचे श्रम आहेत.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तरतूद ६,००३ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत. देशात २,००० किलोमीटर अंतरावर क्वांटम-सुरक्षित संदेशवहन साधणे हे तिचे एक मोठे उद्दिष्ट. ते योग्यच आहे. पुरेसा शक्तिशाली क्वांटम संगणक आजची बँकिंग आणि सरकारी व्यवहार राखणारी अनेक कुलुपे उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले आहे.

पण ही २,००० किलोमीटरची मजल केवळ केबल टाकून गाठता येणारी नाही. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येही १०० किलोमीटरनंतर शंभरातला जेमतेम एक फोटॉन उरतो, २०० किलोमीटरनंतर दहा हजारांतला एक. नेहमीच्या दूरसंचारात क्षीण झालेला संकेत वाटेत वाढवता येतो. इथे ते शक्य नाही, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निसर्गनियमच होऊ देत नाहीत. मग वाटेत किल्ली उघडून पुन्हा पुढे पाठवणारी विश्वासाची ठाणी उभारायची, उपग्रह वापरायचा किंवा किल्ली न उघडता क्वांटम अवस्था पुढे नेणारा क्वांटम रिपीटर घडवायचा. रिपीटर अजून प्रयोगशाळेतच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल हे १०० किलोमीटरहून अधिक अंतर पार केले. तिथून पुढची वाट संशोधनाचीच आहे.

हे संशोधन करणार कोण? पंचविशीतली मुले-मुली. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. मोहिमेच्या पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी २०२८-२९ च्या सुमारास पदवी घेऊन बाहेर पडेल. लेझर जुळवण्यात, एकेका फोटॉनची नोंद घेणाऱ्या शोधकाचा गोंगाट कमी करण्यात तिचा हात बसलेला असेल. मोहिमेला तिची सर्वाधिक गरज असेल ती नेमकी तेव्हा; आणि तेव्हाच तिच्यापुढे कायम पदाची खात्री नसेल. परदेशातली प्रयोगशाळा तिला बोलावेल, ती जाईल, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नसेल.

२०१९ नंतर संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वाढली ती थेट २०२३ मध्ये: कनिष्ठांना दरमहा ३७,००० रुपये, वरिष्ठांना ४२,०००. त्यासाठीही त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. ही रक्कम महिनोन्महिने अडकून पडते, ही तक्रारही जुनीच. यंत्रांच्या निविदा वेळेवर निघाव्यात म्हणून जी धावपळ होते, तीच शिष्यवृत्तीसाठी व्हायला हवी.

म्हणून तीन गोष्टी आताच ठरवाव्यात. शिष्यवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला खात्यात जमा व्हावी आणि महागाईनुसार तिची दरवर्षी फेररचना व्हावी. मोहिमेतून पीएचडी होणाऱ्यांसाठी किमान पाच वर्षांच्या संशोधन-नेमणुका असाव्यात, आणि त्या २०३१ च्या पुढेही चालू राहाव्यात. दूरसंचार, संरक्षण आणि बँकिंग क्षेत्रातल्या सरकारी संस्थांनी या तज्ज्ञांसाठी कायम पदे निर्माण करावीत. मोहिमेच्या यशाचा हिशेब मांडताना किलोमीटरांसोबत आणखी एक आकडा जाहीर व्हावा: इथे घडलेल्या संशोधकांपैकी किती जण इथेच काम करत आहेत. तो आकडा समाधानकारक असेल, तरच हे तंत्रज्ञान आपले झाले असे म्हणता येईल.