विसरलेला परवलीचा शब्द

कचेरीतील सर्व संगणकांची छपाई एकाच यंत्राकडे पोहोचविणारी जी लहानशी पेटी असते, तिला प्रिंट सर्व्हर म्हणतात. आमचे वृद्ध कारकून वारले आणि आमच्या पेटीचा परवलीचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. छपाई चालूच राहिली. परंतु संगणकांचे जाळे नवे घातले, तेव्हा पेटीचा पत्ता बदलता येईना.

विसरलेला शब्द पेटी परत सांगत नाही. तो पुसावाच लागतो. एचपी जेटडायरेक्टच्या जुन्या सुट्या पेटीवर 'टेस्ट' नावाची कळ असते. ती दाबली असता पेटीत भरलेल्या माहितीचा कागद छापून निघतो. तो प्रथम जपून ठेवावा. मग वीज काढावी व तीच कळ दाबून धरून पुन्हा जोडावी. शब्दाबरोबर इतर माहितीही पुसली जाते. ती कागदावरून पुन्हा भरावी आणि नवा शब्द लागलीच घालावा, नाहीतर पेटी कोणासही मोकळी.

नवा शब्द आम्ही मोहोरबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवला आहे. कारकुनांस आम्ही बोल लावीत नाही. पुष्कळांचे काम आम्ही एका वृद्धाच्या स्मरणावर सोपविले आणि त्यांना कधी विचारलेही नाही.