चिटोऱ्यांचा कागद करा, पण जयणेने



ज्ञानपंचमी जवळ आली की घरात आणि पाठशाळेत कार्डशीट, रंगीत कागद, कात्र्या बाहेर येतात. मुलं पाट सजवतात, शुभेच्छापत्रं बनवतात आणि मागे चिटोऱ्यांचा ढीग उरतो. त्यापासून घरीच हातकागद बनवावा असं अनेकजणींना वाटतं. माझं मत विचाराल तर, जरूर बनवा, पण जयणा पाळून. नाहीतर कागद वाचवायच्या नादात पाणीही जाईल आणि जीवांची विराधनाही होईल.

ही कला आपल्याला परकी नाही. पारोळ्याहून जळगावच्या रस्त्याला लागलं की एरंडोल येतं. एकेकाळी तिथे हाताने कागद बनत असे, इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावंही त्यासाठीच प्रसिद्ध झाली. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून पुण्यात 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. आणि पाटण, जैसलमेरच्या ज्ञानभांडारांत ताडपत्रांशेजारी ज्या पोथ्या शतकानुशतकं टिकल्या, त्या हातकागदावरच लिहिलेल्या आहेत. चिंध्या, जुने दोर, गोणपाट अशा टाकाऊ वस्तूंपासून आपल्याकडे कागद बनत आला आहे.

आता जयणेचं बोलू.

पहिली गोष्ट काळाची. चातुर्मासात हे काम काढू नका. दमट हवेत ओला कागद दोन-तीन दिवस वाळत नाही, त्यावर बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. भर उन्हाळ्यात आपल्या खानदेशात हंडा-हंडा पाणी जपावं लागतं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचं कोरडं ऊन यासाठी उत्तम.

दुसरी पाण्याची. लगदा रात्रभर भिजत ठेवा असं सगळीकडे सांगतात. त्यापेक्षा गाळलेलं पाणी उकळून घ्या आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे त्यात दोन तास झाकून ठेवा. गरम पाण्यात कागद लवकर मऊ होतो. मग जुन्या मिक्सरच्या भांड्यात किंवा खलबत्त्यात बारीक करा. लाकडी फ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की चाळणी तयार. सगळे कागद एकाच टपातल्या पाण्यातून काढा आणि काम एका बैठकीत संपवा. चमकी, प्लास्टिकचा मुलामा किंवा चिकटपट्टी असलेले तुकडे आधीच वेगळे काढा, ते विरघळत नाहीत आणि शेवटी गटारात जातात.

तिसरी ताकदीची. कागद पुन्हा भिजवून कुटला की त्याचे तंतू आखूड होतात, म्हणून नुसत्या चिटोऱ्यांचा कागद लगेच तुटतो. आपण कापसाच्या मुलखात राहतो. शिंप्याकडची सुती कात्रणं अगदी बारीक कापून, शिजवून, कुटून मूठभर मिसळा, कागदाला जीव येतो. शाई फुटू नये म्हणून सरस किंवा जिलेटिन लावायला सांगतात. दोन्ही जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतात, आपल्या घरात नकोतच. तांदळाची पातळ खळ पुरते. पण खळीच्या कागदाला कसर लागू शकते, म्हणून लागेल तेवढाच करा. लिहायचं नसेल तर खळही नको.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, रद्दीवाल्याला द्या. वर्तमानपत्रं आणि वह्या त्यालाच द्या, हे मलाही पटतं. त्यांचा लगदा घरी करणं म्हणजे पाण्याची नासाडी. हे काम फक्त रद्दीवाला घेत नाही त्या चिटोऱ्यांसाठी आहे. आणि त्यासाठी नवा संच, नवे साचे, नवे रंग विकत आणणार असाल तर मुळीच करू नका. अपरिग्रहाच्या नावाखाली परिग्रहच वाढेल.

सगळ्यात नाजूक प्रश्न अक्षरांचा. अक्षर असलेला कागद पायाखाली येऊ नये, त्यावर खाऊ नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. ज्ञानाची आशातना झाली तर ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं. म्हणून घरच्या लगद्यात कोरे तुकडेच घ्यावेत असं मला वाटतं. पण मग नवकार मंत्र आणि भगवंतांचे फोटो छापलेल्या लग्नपत्रिकांचं, तपाच्या पारण्याच्या आमंत्रणांचं काय? त्या फाडवत नाहीत, ठेवायला जागा नाही. कुणी नदीत सोडतं, कुणी जाळतं, कुणी गुपचूप कचऱ्यात टाकतं. यातलं काय आशातनेत बसत नाही?

याला लगदा हे उत्तर नाहीच. उत्तर छापण्याआधी द्यायला हवं. ज्या कागदाचं आयुष्य पंधरा दिवसांचं, त्यावर परमात्म्याचा फोटो हवाच कशाला? वर फक्त "जय जिनेंद्र" लिहा, नाहीतर आमंत्रण फोनवर द्या. तिथेही फोटो नकोच. आमंत्रितांचा मान त्याने कमी होत नाही. यंदा ज्यांच्या घरी लग्न किंवा पारणं आहे, त्यांनी छापखान्यात जाण्याआधी घरात एवढं बोलून घ्यावं.

काही अविनय झाला असेल तर मिच्छामि दुक्कडम्.