सहलीनंतर निबंधच का?



सहल झाली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर विषय ठरलेला: 'आमची सहल'. मुलं बस, डबा, खेळ आणि परतीचा प्रवास याच क्रमाने वीस ओळी लिहितात. तिथे काय ऐकलं, हे आपण विचारतच नाही. ते विचारायला हवं, असं मला वाटतं.

एक उदाहरण पाहा. ऑलिव्हिए मेसियां हे फ्रान्सचे मोठे संगीतकार आणि पॅरिसच्या संगीत विद्यालयातले शिक्षक. १९६२ मध्ये ते जपानला गेले. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा हे प्राचीन शिंतो देवस्थान आहे. त्याच्यासमोर समुद्रातच सुमारे १६ मीटर उंचीची शेंदरी लाकडी कमान, म्हणजे 'तोरिई', उभी आहे. भरतीला ती पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते आणि ओहोटीला माणसं तिच्यापर्यंत चालत जातात.

या प्रवासातून त्यांची 'सेत हायकाई' ही सात भागांची रचना जन्मली. त्यातला एक भाग याच कमानीवर आहे. सूर ऐकताना मेसियांना मनात रंग दिसत. म्हणून कमानीचा लाल, समुद्राचा निळा, पाइनच्या झाडांचा हिरवा असे रंगच त्यांनी सुरांत मांडले. दुसऱ्या एका भागात जपानचं जुनं दरबारी संगीत, 'गागाकू', आहे. त्यातलं बांबूच्या नळ्यांचं 'शो' हे वाद्य फुंकून वाजवतात. मेसियांनी त्याचा नाद आठ व्हायोलिनवर उभा केला. पक्ष्यांचे आवाज तर ते वहीत टिपून घेत.

तुम्ही म्हणाल, एवढे थोर कलावंत कुठे आणि आमची चौथीतली पोरं कुठे! पण त्यांनी केलं काय? थांबून ऐकलं, टिपलं आणि हाताशी असलेल्या वाद्यांवर मांडलं. आपल्या मुलांच्या हाताशी बाक आहे, रिकामा डबा आहे, टाळ्या आहेत. देवळातली घंटा, पायऱ्यांवरची पावलं, पाण्याचा आवाज यांची दोन मिनिटांची रचना गटात सहज बसते.

गुण कसे द्यायचे? "हा आवाज इथेच का घेतलास?" एवढं विचारा. मुलाला कारण सांगता आलं, की अभ्यास झाला. निबंधात चार ओळींवर अडणारं मूल इथे कदाचित भरभरून बोलेल. त्यासाठी संगीताचा तास मात्र गणिताला देऊ नका.

आणि पालकांनो, मूल सहलीहून घरी आलं की "काय खाल्लंस?" विचारताच ना? त्याच्या जोडीला "काय ऐकलंस?" हेही विचारा.