आधी खिशातला कॅमेरा

"मनापासून फोटो काढायचे असतील तर डीएसएलआरच घ्या. खिशातला कॅमेरा म्हणजे खेळणे." भारतातून येऊन न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनमध्ये घर मांडणाऱ्या मराठी कुटुंबाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. घरात बाळ येणार असते, आईबाबा पहिल्यांदा यायचे असतात किंवा डिसेंबरच्या सुट्टीत साउथ आयलंडची सहल ठरलेली असते. कोणी अनुभवी मित्र शब्द टाकतो आणि घरात एक जाडजूड काळी बॅग येते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. परक्या देशातल्या आपल्या पहिल्या वर्षांच्या आठवणी त्यावर अवलंबून असल्यामुळे तो नेमका कुठे चुकतो ते स्पष्ट मांडणे मला गरजेचे वाटते.

या सल्ल्यातला सर्वांत बळकट मुद्दा सेन्सरचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. निकॉन डी3500 सारख्या एंट्री-लेव्हल डीएसएलआरचा सेन्सर सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा असतो, तर स्वस्त कॉम्पॅक्टचा जेमतेम 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा. म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ तेरा पटींचा फरक. प्रकाश टिपणारी जागाच एवढी तोकडी असली, तर संध्याकाळी घरात काढलेला फोटो दाणेदार आणि फिकट येणारच. असल्या कॅमेऱ्याची वकिली मी करत नाही, त्याचे काम आता फोन त्याच्याहून चांगले करतो. पण खिशातला कॅमेरा म्हटला की असलाच असायचा, ही समजूत 2012 सालीच जुनी झाली. त्या वर्षी सोनीने आरएक्स100 आणला. त्यात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा सेन्सर होता आणि वजन होते 240 ग्रॅम. पुढच्याच वर्षी रिकोने जीआर या कॅमेऱ्यात थेट डीएसएलआरच्या मापाचा सेन्सर बसवला, आणि त्याचे वजन 245 ग्रॅम. 2019 मध्ये आलेला जीआर थ्री 257 ग्रॅमचा आहे आणि शर्टाच्या खिशात मावतो.

यावर प्रतिपक्ष म्हणतो की जीआरला झूम नाही, आणि सोनीचा सेन्सर झाला तरी डीएसएलआरच्या एक तृतीयांशच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सेन्सरपर्यंत प्रकाश पोहोचतो तो लेन्समधून, आणि तुलना करताना लेन्सचा हिशेब कोणी मांडतच नाही. बॉडीसोबत मिळणाऱ्या 18-55 किट लेन्सचे तोंड जास्तीत जास्त एफ/3.5 पर्यंत उघडते, आणि झूम करत जावे तसे ते आकसत एफ/5.6 वर येते. 2014 च्या आरएक्स100 थ्रीची लेन्स एफ/1.8 वर सुरू होते आणि पूर्ण झूमवरही एफ/2.8 पेक्षा जास्त आकसत नाही. एफच्या आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला, तर रुंद टोकाला सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर सोनीच्या लेन्समधून पावणेचार पट प्रकाश पडतो. सेन्सर तिपटीने लहान आणि प्रकाश पावणेचार पट, म्हणजे फिटंफाट. झूमच्या त्या टोकालाही हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. मागची पार्श्वभूमी धूसर करण्याची जी करामत दाखवून डीएसएलआर विकला जातो, तीही किट लेन्सवर साधारण तेवढीच साधते. डीएसएलआरला खरी आघाडी मिळते ती निकॉनची 35 मिलिमीटर एफ/1.8 किंवा कॅननची 50 मिलिमीटर एफ/1.8 यांसारखी लेन्स लावल्यावर. या लेन्स महाग नाहीत आणि उत्तम आहेत. पण माझ्या ओळखीच्या घरांत त्या जवळजवळ कुठेच नाहीत. बॉडीबरोबर आलेली किट लेन्सच वर्षानुवर्षे लावलेली असते. तेव्हा कागदावरच्या डीएसएलआरची नव्हे, घराघरांत वापरल्या जाणाऱ्या डीएसएलआरची तुलना केली पाहिजे.

आता शिकण्याचा मुद्दा. डीएसएलआरशिवाय फोटोग्राफी शिकता येत नाही, असे ठासून सांगितले जाते. शिकायचे काय असते? शटर किती वेळ उघडे ठेवायचे, लेन्स किती उघडायची, आयएसओ किती ठेवायचा आणि या तिन्हींचा मेळ कसा घालायचा. हे तिन्ही मी नावे घेतलेल्या छोट्या कॅमेऱ्यांत हाताने ठरवता येते, शिवाय रॉ फाइलही मिळते. उलट डी3500 सारख्या डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून चौकटीचा सुमारे 95 टक्केच भाग दिसतो, आणि फोटो काळा पडणार की पांढरा, हे बटण दाबेपर्यंत कळत नाही. छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते आधीच दिसते. नवशिक्याला कारण आणि परिणाम एकाच वेळी डोळ्यांसमोर दिसले, तर तो लवकर शिकतो.

पण माझा मुख्य मुद्दा यंत्राचा नाही, माणसाचा आहे. इकडे गणपती येतात ते थंडी सरता सरता. सहाच्या सुमारास अंधारून येते, बाहेर पाऊस असतो आणि घरातली सगळी मंडळी, शेजारीपाजारी, मित्रांची मुले दिवाणखान्यात दाटीवाटीने उभी असतात. आरती सुरू झाली की ज्याच्या हातात डीएसएलआर तो आरतीतून बाहेर पडतो. तो भिंतीला टेकून वाकतो, लोकांना बाजूला सारतो, आणि आरशाचा खटका प्रत्येक फोटोला वाजत राहतो. मुले ताठ होऊन कॅमेऱ्याकडे बघू लागतात, आजी पदर सावरते. फोटो स्पष्ट येतात, पण त्यात आरती नसते, फोटोसाठी उभी राहिलेली माणसे असतात. शिवाय हा माणूस दरवर्षी तोच असतो, बहुधा घरातले बाबा, म्हणून कुटुंबाच्या अल्बममधून तेच गायब होतात. छोट्या कॅमेऱ्याचे शटर लेन्समध्येच असते आणि त्याचा आवाज जवळजवळ होत नाही. एका हातात झांज असताना दुसऱ्या हाताने फोटो काढता येतो. मंत्रपुष्पांजलीच्या वेळी तो खिशात जातो आणि माणूस पुन्हा हात जोडून इतरांत उभा राहतो. नंतर तोच कॅमेरा दहा वर्षांच्या मुलीच्या हातात बिनधास्त देता येतो, आणि मग बाबाही फोटोत येतात.

स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीचे फोटो किती मोलाचे ठरतात, हे हेन्डरसनला वेगळे सांगायला नको. लेबनॉनहून आलेल्या असिद अब्राहम कॉर्बन यांनी 1902 मध्ये इथे द्राक्षमळा लावला. त्या वाइनरीच्या जागेत आज कॉर्बन इस्टेट आर्ट सेंटर आहे. 1958 साली लंडनहून न्यूझीलंडला आलेल्या मार्टी फ्रिडलँडर यांनी या देशातल्या द्राक्षमळेवाल्यांची छायाचित्रे टिपली, आणि डिक स्कॉट यांच्या लेखनासह ती 2002 मध्ये पुस्तकरूपाने आली. आपल्या मराठी घरांची इथली पहिली वर्षे टिपायला कोणी नामवंत छायाचित्रकार येणार नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे, आणि त्यासाठी रोज जवळ असलेला कॅमेरा लागतो. कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याचा त्यासाठी उपयोग नाही.

"लहान कॅमेरा गंभीर माणसाचा नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी ऑस्कर बार्नाक यांची गोष्ट जरूर वाचावी. त्यांना दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नव्हते. म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक छोटा कॅमेरा घडवला. 1925 मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला. त्या काळी तोही खेळण्यात जमा होता, आणि पुढे विसाव्या शतकातली कितीतरी श्रेष्ठ छायाचित्रे त्यानेच दिली.

वजनाचा हिशेब रुक्ष वाटेल, पण करतो. डी3500 बॅटरीसह 415 ग्रॅम, किट लेन्स 205 आणि 70-300 ची झूम लेन्स आणखी 415. झाला एक किलोच्या वर, बॅग आणि चार्जर वेगळे. भारतात जाताना एअर न्यूझीलंडच्या इकॉनॉमीत केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा असते. त्यात मुलांचे कपडे, औषधे, लॅपटॉप. पहिल्यांदा काय मागे राहते ते सगळ्यांना माहीत आहे. फिरायला जातानाही तेच. वाइटाकेरेच्या रानात कौरी वृक्षांना रोग लागू नये म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासून, जंतुनाशक मारून मगच आत जायचे असते. एका हाताला लहान मूल धरून हे करताना गळ्यात लोंबणारा कॅमेरा नकोसा होतो.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करायलाच हवे. पीहा किनाऱ्यावरची काळी लोहवाळू छोट्या कॅमेऱ्याची मोठी वैरीण आहे. त्याची लेन्स पुढेमागे सरकते, धूळ आत जाते, आणि सेन्सरवर बसलेला कण घरी काढता येत नाही. डीएसएलआरचा सेन्सर घरी साफ करता येतो, जरी त्या किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स बदलणाऱ्याचे मी कौतुक करणार नाही. बॅटरीतही डीएसएलआरच पुढे. डी3500 एका चार्जमध्ये साधारण 1550 फोटो काढतो, आरएक्स100 थ्री 320. जादा बॅटरी बाळगावीच लागते. आणि मुरिवायच्या कड्यावर ऑगस्टपासून मार्चपर्यंत घरटी करणारे गॅनेट पक्षी झेप घेताना टिपायचे असतील, मुलगा क्रिकेट खेळत असेल, मुलीचे अरंगेत्रम मागच्या रांगेतून टिपायचे असेल, तर डीएसएलआर आणि लांब झूमच हवी. तिथे छोटा कॅमेरा हात टेकतो. ज्याच्या आयुष्यात हे प्रसंग दर आठवड्याला येतात, त्याने हा लेख बाजूला ठेवून सेकंडहँड डीएसएलआर घ्यावा.

पण "पुढे लेन्स वाढवत जाऊ" या आशेवर घेऊ नये. कॅनन आणि निकॉन या दोघांनी 2018 मध्येच आपल्या नव्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या मालिका सुरू केल्या आणि सारे बळ तिकडे वळवले. डी3500 हा निकॉनच्या एंट्री-लेव्हल डीएसएलआर मालिकेतला शेवटचा ठरला. जुन्या लेन्स मुबलक आणि स्वस्त मिळतात, हा फायदा आहेच, पण ज्या रस्त्यावर वाढायचे सांगितले जाते तो रस्ता कंपन्यांनीच बांधायचा थांबवला आहे.

राहिला फोन. अनेकजण म्हणतील, फोन असताना दोन्ही कशाला? समाधान असेल तर खरोखर दोन्ही घेऊ नका. पण अंधुक उजेडात फोन एका फोटोसाठी अनेक चौकटी एकत्र करतो, त्यात टाळ्या वाजवणारे हात विरघळतात. त्याचा दिवा क्षणार्धात चमकणारा फ्लॅश नसतो, त्यामुळे हलणारे मूल गोठत नाही. आणि ज्या फोनमध्ये आपली बँक आणि ऑफिसचा मेल आहे, तो मुलांच्या हाती कोण देतो?

घरात आधीच डीएसएलआर असेल तर तो विकू नका. त्याला एक 35 मिलिमीटरची लेन्स लावा, झूम कपाटात ठेवा आणि रोज वापरा. नवीन घेणार असाल तर आधी छोटा घ्या. सेकंडहँड असेल तर लेन्स एफ/11 वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि तो मोठा करून काळे ठिपके शोधा, आत धूळ असेल तर तिथे दिसेल. शक्यतो दुकानातूनच घ्या. इथला 1993 चा ग्राहक हमी कायदा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला लागू होतो, परदेशातून समांतर मार्गाने आणून इथे विकलेल्या मालालाही. ट्रेड मी या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर खासगी माणसाकडून घेतलेल्या कॅमेऱ्याला मात्र तो लागू होत नाही.