दुसऱ्या टोकाचा माणूस

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाला आणि मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारले, “चार घरांनी केळीची सालं वेगळी ठेवून जगाचं काय भलं होणार आहे?” हशा पिकला आणि विषय पुढच्या सभेवर गेला. मी त्या वेळी गप्प बसले. तो प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा असता, तर हा लेख लिहिला नसता. पण लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा मी तो ऐकला आहे, आणि विचारणारी माणसे बेपर्वा नसतात.

त्यांचे म्हणणे आधी पुरते मांडते. प्रदूषण करतात ती वीजकेंद्रे, कारखाने आणि तेलकंपन्या. सामान्य माणसाने टूथब्रश बदलला म्हणून धुराडी थांबत नाहीत. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोचवण्यासाठी या शतकाच्या आरंभी जाहिरातींवर पैसा ओतला तोच मुळी बीपी या ब्रिटिश तेलकंपनीने. म्हणजे तेल त्यांनी विकायचे आणि हिशेब आपण ठेवायचा. यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. कंपन्यांना मोकळे सोडून गृहिणीला उपदेश करणारी पर्यावरणाची भाषा मलाही नको आहे. पण म्हणून घरात काहीच करू नये, हे यातून निघत नाही.

चूक त्या प्रश्नातल्या ‘जगाचं’ या एका शब्दात आहे. केळीचे साल जगात जात नाही. ते सकाळी साडेसातला आमच्या जिन्यात बादली घेऊन येणाऱ्या बाईच्या हातात जाते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. यात बहुतेक बायकाच आहेत. घरटी मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेले कागद, बाटल्या, पुठ्ठे यांवर त्यांचे घर चालते. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. आपण सगळे एकाच पिशवीत कोंबून गाठ मारतो, तेव्हा त्या बाईची त्या दिवसाची मजुरी कापतो. वर फुटलेली काच, वापरलेले ब्लेड आणि रक्ताने भिजलेले पॅड तिने हाताने चिवडायचे. ‘स्वच्छ’च्या बायकांनी पुणेकरांकडे मागितले ते इतकेच की, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला न उघडता कळेल. ही मागणी मी प्रथम वाचली तेव्हा मला लाज वाटली होती. कचरा वेगळा करून देणे २०१६च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केले. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी ते गुंडाळायला वेष्टन द्यावे, असेही त्यांत लिहिले होते. नियम आहे, मागणीही आहे. अडते ते आपल्या ओट्याखाली, दुसरा डबा ठेवायला जागा नाही या सबबीवर.

आणखी पुढे जाऊ. न निवडलेला कचरा ट्रकमध्ये बसून शहराबाहेर जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत ओतला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, लोकांवर टँकरच्या पाण्याची पाळी आली, आणि त्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या गावाच्या वेशीवर अडवल्या. अशा प्रत्येक वेळी पुण्यात आपण नाक धरून म्हणालो की, कचरा उचलला जात नाही. उघड्यावर साचून कुजणारा, पेट घेणारा वायू सोडणारा आणि झिरपणारा भाग मुख्यतः ओला कचरा असतो. तो गच्चीवरच्या ड्रममध्ये मुरवला तर ट्रकमध्ये चढतच नाही. तेव्हा केळीच्या सालाचा संबंध हिमालयातल्या हिमनद्यांशी लावण्याआधी फुरसुंगीच्या विहिरीशी लावून पाहावा.

विजेचेही असेच. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते. आपल्या देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होते आणि एका युनिटमागे साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. हा कोळसा पुण्यात जळत नाही. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे चंद्रपुरात, आणि ज्या हवेत ते धूर सोडते त्याच हवेत तिथली मुले शाळेत जातात. गीझर पाणी तापताच बंद करणे, शॉवरऐवजी बादलीने अंघोळ, एसी २४ अंशांवर, या गोष्टी मी काटकसर म्हणून सांगत नाही. एसीचा एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. त्या सहा टक्क्यांचा धूर कोणाच्या तरी छातीत जायचा राहतो.

आता ‘सरकारने करावे’ या म्हणण्याकडे वळते. सरकारने करावेच. पण एका हाताने टाळी वाजत नाही, याचे दोन दाखले आपल्या डोळ्यांसमोर घडले आहेत. २०१४च्या सुमारास सरकारी खरेदीत एलईडी दिवा ३१० रुपयांना पडत होता. उजाला योजनेत घाऊक खरेदी झाली आणि दोन-तीन वर्षांत तो ३८ रुपयांवर उतरला. ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. किंमत सरकारने उतरवली, पण जुना पिवळा गोळा काढून नवा दिवा बसवला तो घरांनीच. उलटा दाखला प्लॅस्टिकबंदीचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली गटारे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. २०१८च्या जूनपासून राज्यात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. काही महिने भाजीवाल्यांना दंड झाला, मग पिशवी हळूच परत आली. ती का आली, हे मंडईत उभे राहून पाहा. “पिशवी द्या ना” असे म्हणणारी माणसे आपण आहोत. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आले की दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवाली त्याला परत पाठवू शकत नाही, आणि दंड मात्र तिला होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत.’ दुकानात पाहिले तर पटते. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, ‘नॅचरल’ शाम्पू, सारे महाग. माझे म्हणणे असे की यातले जवळजवळ काहीच घेऊ नये. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८मध्ये पिशव्यांचा अभ्यास केला. नव्या सुती पिशवीचा सगळ्या अंगांनी होणारा भार प्लॅस्टिकच्या पिशवीइतका खाली यायला ती ७,१०० वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. नुसता हवामानबदल धरला तरी ५२ वेळा. प्लॅस्टिकवाले हा आकडा मोठ्या आनंदाने तोंडावर फेकतात. फेकू देत. तो आकडा नव्या कापसाचा, नव्या कापडाचा आहे. जुन्या चादरीची किंवा नवऱ्याच्या विटलेल्या पँटची शिवलेली पिशवी त्या हिशेबात बसत नाही, कारण तिच्यासाठी कापसाचे एक बोंडही पिकवावे लागले नाही. त्या अभ्यासाचा फटका बसतो तो प्रत्येक परिसंवादात वाटल्या जाणाऱ्या कोऱ्या कापडी पिशव्यांना, ज्या आपल्या दाराच्या खुंटीवर डझनाने लटकत असतात. नवी पिशवी नाकारा, खुंटीवरची घ्या. यात खर्च कसला?

न्हाणीघरातही हाच न्याय लावते. हँडवॉशच्या बाटलीत बहुतांशी पाणी असते आणि ते पाणी आपण प्लॅस्टिकमध्ये भरून, ट्रकने आणून विकत घेतो. साबणाची वडी स्वस्त पडते, जास्त दिवस टिकते, अनेकदा कागदात येते. शाम्पूची पुडी अनेक थरांची असते, ते थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ती हातात घेत नाही. ज्याच्याकडे एकदम बाटलीचे पैसे नसतात त्याला पुडीबद्दल दोष देणे मला जमणार नाही. पण बाटली परवडत असताना प्रवासाला म्हणून दहा पुड्या घेणारे आपण निराळे.

इथे तिसरा आक्षेप येतो. तो सर्वांत वजनदार आहे, आणि तो बायकांनी घेतला पाहिजे. पर्यावरणस्नेही घर म्हणजे बाईचे काम वाढवणारे घर. पाळीच्या कापडी घड्या धुवायच्या, शिकेकाई उकळायची, डबे घासायचे, कचरा निवडायचा, हे कोण करणार? ‘आपल्या आजीचे घर शून्य कचऱ्याचे होते’ असे गहिवरून सांगणाऱ्यांनी आजीचे डोळे चुलीच्या धुराने लाल झालेलेही आठवावेत. मला आजीचे घर परत नको. गॅस आला हे फार चांगले झाले. म्हणून कोणतीही सवय घरात आणताना मी दोन टोके पाहते. पलीकडच्या टोकाला कोणाचे ओझे उतरते, आणि अलीकडच्या टोकाला ते कोणावर चढते? मेन्स्ट्रुअल कप या कसोटीला उतरतो, कारण तो नीट वापरला तर अनेक वर्षे टिकतो आणि धुण्याचा ढीग साचवत नाही. डाळ भिजवून कुकरला लावणे उतरते. साबणाची वडी उतरते. रोज शिकेकाई उकळणे उतरत नाही. आमच्या घरी कचरा निवडण्याचे आणि ड्रम हलवण्याचे काम नवऱ्याचे आहे आणि त्याबद्दल त्याचे कौतुक कोणी करत नाही, हेही बरे आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रिक स्कूटरलाही कोळशाचीच वीज लागते, असे म्हणून काही जण पेट्रोल भरायला जातात. हिशेब करावा. शंभर किलोमीटरला पेट्रोलची स्कूटर दोन लिटर पिते, म्हणजे साडेचार किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. इलेक्ट्रिकला तीन-साडेतीन युनिटे लागतात, सगळी कोळशाची धरली तरी साधारण तीन-साडेतीन किलो, म्हणजे कमीच. आणि भरलेली बस या दोघींपेक्षा चांगली. बस वेळेवर येत नाही, पदपथावर गाड्या उभ्या असतात, ही तक्रार मी रोज करते, कारण मी रोज बसने आणि पायी जाते. ज्याने थांब्यावर उन्हात चाळीस मिनिटे काढली नाहीत तो थांब्याला छप्पर मागायला कधी जात नाही.

राहता राहिले पाणी. आमच्या इमारतीत खडकवासल्याचे नळाचे पाणी येते, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही खाली. तरी जवळजवळ प्रत्येक ओट्यावर आरओ आहे, आणि ते एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर गटारात सोडते. ५०० मिलिग्रॅमच्या खाली क्षार असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्येच म्हटले होते. बोअरच्या जड पाण्यावर जगणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण आम्हांला साधा फिल्टर पुरतो. फुरसुंगीत टँकरची वाट पाहिली जात असताना धरणाचे गोड पाणी आम्ही यंत्र लावून सांडतो.

येत्या रविवारी पुढची सभा आहे. दोन विषय मी लेखी दिले आहेत: गच्चीवर ओल्या कचऱ्याचे तीन ड्रम, आणि प्रत्येक घराने नळाच्या पाण्यातले क्षार एकदा मोजून घेणे. ते गृहस्थ येतील आणि पुन्हा जगाचे विचारतील. आमच्या जिन्यात कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना मी सभेला बोलावले आहे. सभा अकराला ठेवली आहे, कारण तोवर त्यांची फेरी संपते.